‘सैल सोड’ म्हणजे नेमकं काय सोडायचं?

मिटलेलं_पान
लग्नाला अडीच वर्षं झाली. इतक्या दिवसांत संबंध एकदाही नीट झालेला नाही. सुरुवातीलाच भिंत लागल्यासारखं होतं, आणि जरा जोर झाला की चरचरून आग. आता तर त्याने नुसता दिवा मालवला तरी माझ्या पोटात गोळा येतो. तो समजूतदार आहे, जबरदस्ती वगैरे काही नाही, हे आधीच सांगते. दोन डॉक्टरणींना दाखवलं. संसर्ग नाही, गाठ नाही, "सगळं नॉर्मल आहे, जरा रिलॅक्स व्हा." तपासणीच्या टेबलावर नर्स म्हणाली, सैल सोड. नवरा हळू आवाजात म्हणतो, सैल सोड. मोठी बहीण फोनवर म्हणाली, अगं सैल सोडायचं.

माझा प्रश्न साधा आहे. काय सोडायचं? कुठून धरलंय तेच कळत नाही, तर सोडू कुठून? श्वास मोजून पाहिला. इंजेक्शनच्या आधी आकडे मोजतात तसं वाटलं. दहापर्यंत पोचेस्तोवर मी आधीपेक्षा ताठ.

ज्यांना खरोखर उपयोग झाला त्यांनी काय केलं, कधी केलं, झोपून की बसून, असं बारकाईनं सांगाल का? "दोन घोट घेऊन बघ" आणि "मूल झालं की आपोआप होतं" हे दोन सल्ले मिळून झालेत.

कोरा_कागद
वाचतेय. माझी सहा वर्षं. एवढं लिहायलाही धीर गोळा करावा लागला.

झोळीवाली
मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच स्नायूंवर काम करते. न तपासता निदान करणार नाही, पण तुझा ‘कुठून धरलंय’ हा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याचं उत्तर देते.

त्याआधी एक. ‘सगळं नॉर्मल’ म्हणजे काय काय तपासलं ते विचारून घे. योनिमुखापाशी कापसाची काडी नुसती टेकवली तरी आग होते का, तिथली कातडी पांढरट-पातळ झालीय का, दुखणं खोलवर आहे का आणि पाळीतही लोळवतं का, हे पाहायला हवं. आग त्वचेची किंवा मज्जातंतूंची असेल तर कितीही श्वास मोजले तरी ती तिथंच राहील. आणि उलटंही खरं: मूळ कारण बरं झालं तरी स्नायूंनी घेतलेला धसका मागे उरतो.

आता झोळी. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यात टेकलेले. योनिमार्ग तिच्यातूनच जातो. चारचौघांत वारा सरायची वेळ आली की जे आवळून धरतो, तीच पकड. लघवी सुरू होते त्या क्षणी जे सुटतं, ते सैल सोडणं. दोन्ही तू रोज करतेस, फक्त लक्ष दिलेलं नाहीस. (लघवी मधेच रोखून सराव करू नये, मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते. संडासात बसून फक्त ‘सुटण्याचा’ क्षण ओळखायचा.)

श्वासाचा संबंध असा: श्वास आत घेताना छाती-पोटामधला पडदा खाली येतो आणि त्याच्या पाठोपाठ ही झोळीही जराशी खाली सैलावते. सोडताना दोन्ही वर जातात. म्हणून पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना उशा, म्हणजे मांड्यांना स्वतःचं वजन धरावं लागत नाही. एक हात खालच्या बरगड्यांवर. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आत घेताना बरगड्या बाजूंना फुलू देत आणि बसायची दोन हाडं एकमेकींपासून लांब चाललीत असं वाटू दे. खाली ढकलायचं नाही, कुंथायचं तर अजिबात नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवणार नाही. चालतं.

मिटलेलं_पान
थांबा. मी गेले चार महिने रोज केगल करतेय. एका लेखात वाचलं होतं की या स्नायूंचा व्यायाम केला की सगळं सुधारतं.

झोळीवाली
आजपासून बंद. अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ साली ते व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या, लघवी न थांबणाऱ्या बायकांसाठी. आवळायला शिकवणारा व्यायाम आहे तो. मूठ आधीच वळलेली असताना तू ती आणखी घट्ट वळत होतीस. चूक तुझी नाही. ‘पेल्विक फ्लोअर’ (म्हणजे हीच झोळी) म्हटलं की सगळीकडे तेच एक पान उघडतं.

मिटलेलं_पान
आता हसू की रडू? तरीच तिसऱ्या महिन्यापासून जास्त दुखायला लागलं होतं.

सरळसोट
माफ करा, पण हे सगळं मनाचं आहे ना? डॉक्टर म्हणतायत शरीर ठीक आहे. मग उशा आणि बरगड्या कशाला, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

खिडकीपाशी
‘मनाचं’ हा शब्द लोक असा वापरतात जणू मन शेजारच्या घरात राहतं.

झोळीवाली
सरळसोट, डोळ्यासमोर कुणी अचानक हात आणला तर पापणी मिटते. ते मनाचं की शरीराचं? नेदरलँड्समधल्या संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बायकांना चित्रफितींचे तुकडे दाखवले, काही भीतिदायक, काही नाहीत, आणि स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. भीतिदायक दृश्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले गेले, अगदी त्या दृश्यात शरीरसंबंधाचा संबंध नसतानाही. त्याच वेळी मानेजवळचा खांद्याचा स्नायूही आवळला. आणि हे जिला त्रास आहे तिच्यातही झालं, जिला नाही तिच्यातही. म्हणजे अंग चोरून घेणं ही प्रत्येकीच्या शरीराची रीत आहे. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून बसतं, आवळल्यामुळे पुन्हा दुखतं, आणि भीती खरी ठरते.

योनिमार्गाभोवतीचे स्नायू असे आपोआप आवळून बसतात त्याला ‘व्हजायनिस्मस’ म्हणतात, हा शब्द १८६०च्या दशकातला. तेव्हापासून दीडशे वर्षं ‘दुखणं’ आणि ‘आवळणं’ यांचे वेगळे कप्पे होते. अमेरिकी मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०१३ साली ते एकत्र केले, कारण प्रत्यक्षात दुखणं, भीती आणि आवळणं यांची गाठ सुटी करता येत नाही. समुपदेशकाकडे जावं, जरूर जावं. पण स्नायूंना बाजूला ठेवून नव्हे.

उशिरा_का_होईना
माझी साडेचार वर्षं या दुखण्यात गेली, आता त्यातून बाहेर आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पान, तुझ्या लिहिण्यातली एक ओळ मला टोचली, ती इंजेक्शनची. मी हुबेहूब तेच करायचे. रात्री न्हाणीघरात दार लावून पाच मिनिटं श्वास, मग बाहेर, मग ‘आता बघू जमतंय का’. म्हणजे माझ्या शरीराने त्या श्वासांचा अर्थच असा लावला की हे सुरू झालं की पाठोपाठ दुखणार. वर्षभराने नुसता दीर्घ श्वास घेतला तरी छातीत धडधडायला लागलं. तंत्र बरोबर होतं, वेळ चुकीची. सैलावण्याच्या शेवटी परीक्षा बसवली होती मी.

मग माझ्या समुपदेशकबाईंनी पहिलं काम दिलं ते असं की तीन महिने प्रवेश बंद. म्हणजे जमलं तरी करायचं नाही. नवऱ्याच्या तोंडून ते कबूल करून घेतलं त्यांनी, माझ्या समोर. "आज मूड चांगला आहे म्हणून" हेही चालणार नाही. त्या दिवशी घरी येऊन मी अकरा तास झोपले. गंमत नाही करत.

आणि श्वासाचा सराव हलवला दुपारी. जेव्हा काहीही होणार नाही हे भिंतींनाही माहीत असतं अशा वेळी.

दुसरी गोष्ट जेकबसनची. एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरने १९२९ साली मांडलेली पद्धत आहे, एकेक स्नायुगट आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे ताण कसा असतो आणि तो गेल्यावर कसं वाटतं यातला फरक कळतो. पायाची बोटं, पोटऱ्या, मांड्या, हाताच्या मुठी, खांदे, जबडा, कपाळ. पाच-सात सेकंद आवळून, वीस-तीस सेकंद सोडून. ज्यांना ‘कुठून धरलंय’ तेच कळत नाही त्यांच्यासाठी माझ्या मते ही श्वासापेक्षा सोपी. फक्त मधली झोळी मी कधी मुद्दाम आवळली नाही, तिथे माझ्या फिजिओने ‘फक्त सोड’ सांगितलं होतं. आजूबाजूचं सगळं सैलावलं की तीही थोडी मागोमाग येते.

यातून मला सापडलं ते म्हणजे माझा जबडा. दिवसभर दात दातांवर. भांडी घासताना, फोनवर बोलताना, लिफ्टची वाट पाहताना. मग दर तासाला स्वतःला एकच विचारायचे, दात लागलेत का? ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ खाली पडलेली. जबडा सुटला की खाली काहीतरी सुटतंय असं मला स्पष्ट जाणवायचं. सगळ्यांनाच जाणवेल असा दावा नाही.

कोरा_कागद
दात लागलेले होते. हे वाचतानाच.

मधलीसुट्टी
+१. आणि माझ्या पायाची बोटं चपलेत वळलेली.

गप्पगप्प
बायकांच्या चर्चेत घुसतोय, चालत नसेल तर सांगा. मी दुसऱ्या बाजूचा. आमच्याकडेही हेच होतं, आता बरंच कमी आहे.

माझी चूक लिहितो. मी फार समजूतदार होतो आणि दर दोन मिनिटांनी विचारायचो, "दुखतंय का? आता? थांबू का?" मला वाटायचं काळजी घेतोय. बायकोने एकदा सांगितलं की तू विचारतोस तेव्हा मला जाऊन बघावं लागतं दुखतंय का, आणि बघायला गेलं की आवळतंच. मग आम्ही ठरवलं की मी विचारणार नाही, ती सांगेल. तिने माझ्या दंडावर दोनदा थाप मारली की मी तिथल्या तिथे थांबणार, उसासा न टाकता. उसासा न टाकणं हे मला शिकावं लागलं.

मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७०च्या सुमारास मांडलेला स्पर्शाचा एक क्रम आहे, तो आमच्या समुपदेशकाने करून घेतला. पहिले काही आठवडे छाती आणि खालचा भाग वर्ज्य. एकाने पंधरा मिनिटं दुसऱ्याच्या पाठीला, हाताला, पायाला हात लावायचा, मग पाळी बदलायची. समोरच्याला सुख देण्यासाठी नाही, तर आपल्याच हाताला काय जाणवतंय तेवढं पाहायला, ऊब, खरखर, मऊपणा. पहिल्यांदा दोघांनाही इतकं हसू आलं की दहा मिनिटं त्यातच गेली. बायकोच्या मते तेव्हाच तिचं अंग पहिल्यांदा सैल पडलं.

मिटलेलं_पान
गप्पगप्प, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी उसासा टाकतो का?" टाकतो.

बावन्नपत्ती
माझं वय नावात आहे. वीस वर्षं काही त्रास नव्हता, पाळी गेल्यावर वर्षभरात काचेचा चुरा भरल्यासारखं व्हायला लागलं. मी वर्षभर प्राणायाम केला, शवासन केलं. मन अगदी शांत झालं आणि दुखणं तसंच. शेवटी डॉक्टरांनी पाहिलं तर तिथलं अस्तर पातळ, कोरडं झालेलं. इस्ट्रोजेनचं तिथे लावायचं क्रीम दिलं, दोन-तीन महिन्यांत फरक पडला. ते ज्याला त्याला चालतं असं नाही, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी नीट बोलूनच. पण ‘ताण घेऊ नका’ या वाक्याखाली माझं एक वर्ष वाया गेलं. अंगावर दूध पाजणाऱ्या मुलींमध्येही तात्पुरतं असं कोरडेपण येतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

खिडकीपाशी
एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. लहानपणी माझ्यासोबत जे झालं ते इथे मांडणार नाही. पण डोळे मिटून ‘आता लक्ष ओटीपोटाकडे न्या’ असं कुणी म्हटलं की मी तिथून निघून जाते, म्हणजे शरीर तिथेच पडलेलं आणि मी छतावर. बाहेरून पाहणाऱ्याला ते छान सैलावलेलं दिसतं. ते सैलावणं नव्हे.

मला उपयोगी पडलं ते उलटं. डोळे उघडे. बसून, झोपून नाही. पाठ भिंतीला टेकलेली, दार दिसेल अशी. तळपाय जमिनीवर दाबून, जमिनीचा गारवा जाणवेपर्यंत. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. मग एक श्वास. एकच. शरीराच्या आत डोकावणं फार नंतर आणि ते माझ्या थेरपिस्टच्या सोबतीने. शांत व्हायला बसल्यावर कुणाची घालमेल वाढत असेल तर ती तंत्रात नापास झालेली नाही, तिला दुसरी वाट लागते एवढंच. हे एकटीने रेटू नका.

झोळीवाली
खिडकीपाशी, हे लिहिल्याबद्दल आभार. मी रुग्णांना आता पहिल्याच भेटीत विचारते, डोळे उघडे ठेवायचेत की मिटायचेत.

उशिरा_का_होईना
खरंय. मलाही पहिल्या आठवड्यात सराव संपला की कारण नसताना रडू यायचं. ते दोन आठवड्यांत ओसरलं, पण खिडकीपाशीसारखं असेल तर वाट बघत बसू नये.

कोरा_कागद
डायलेटरबद्दल कुणी सांगेल? योनीत घ्यायच्या लहान-मोठ्या गुळगुळीत कांड्यांचा तो संच डॉक्टरांनी घ्यायला सांगितला. कपाटात आहे. कपाट उघडत नाही मी.

झोळीवाली
डायलेटर म्हणजे ताणून रुंद करायचं हत्यार अशी समजूत आहे, आणि नावही तसंच भीतिदायक आहे. रुंद काही करायचं नसतं. इथे काहीतरी आलं आणि काहीच वाईट घडलं नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं असतं. म्हणून पहिला आठवडा तो फक्त उशीपाशी ठेवायचा आणि नेहमीचा श्वासाचा सराव करायचा. दुसरा आठवडा हातात. मग मांडीवर. मग योनिमुखाशी नुसता टेकवून दोन-तीन श्वास. ० ते १० मध्ये त्रास ३च्या वर गेला की तिथेच थांबायचं, मागे घेतलं तरी चालेल. आत घेतानाही ढकलायचं नाही, श्वास आत घेताना झोळी सैलावते तेव्हाच जेमतेम पुढे, सोडताना स्थिर. पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण भरपूर लावायचं. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं वंगण नको, पृष्ठभाग खराब होतो. आणि तेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, लेटेक्सचा कंडोम तेलाने कमकुवत होतो.

आग होत असेल, रक्त येत असेल, तर सराव थांबवून आधी दाखवून घ्यायचं.

मधलीसुट्टी
अवांतर वाटेल, पण बद्धकोष्ठ. रोज कुंथणारीने कितीही उशा लावल्या तरी झोळी कशी सुटणार? संडासात पायाखाली छोटं स्टूल घेतलं, गुडघे कमरेच्या वर आले, की बरंच सोपं जातं. आणि बाहेरच्या संडासात अधांतरी बसून लघवी करणं सोडलं. तेवढा वेळ सगळं आवळलेलंच असतं.

उशिरा_का_होईना
पान, पुढच्या तपासणीसाठी एक. टेबलावर झोपायच्या आधी, कपडे अंगावर असतानाच सांगायचं: "मी थांबा म्हटलं की थांबायचं." काही डॉक्टर आरशात दाखवतात, उपकरण स्वतःच्या हाताने आत घ्यायलाही देतात. ज्या डॉक्टरला हे ऐकून राग येतो तिथून चप्पल घालून निघायचं. मी निघाले होते एकदा. अर्धवट बांधलेल्या नाडीने.

मिटलेलं_पान
सात आठवड्यांनी लिहितेय.

केगल बंद. प्रवेश बंद, नवऱ्याने कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं म्हटलं, मी नको म्हटलं, घरी माणसं येतात. दुपारी जेवणानंतर उशा. पहिले बारा दिवस खरंच शून्य. तेराव्या दिवशी श्वास घेताना खाली काहीतरी हललं, लिफ्ट अर्धा मजला उतरावी तसं, आणि मी घाबरून उठून बसले. मग पुन्हा झोपले.

फिजिओकडे तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी त्यांनी हातही लावला नाही, नुसतं बोललो. दुसऱ्या वेळी मी थांबा म्हटलं, त्या थांबल्या. मला वाटलं आता मोठा श्वास घेऊन "बरं" म्हणतील. त्या म्हणाल्या, "ठीक, आज इथवरच," आणि हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, खांदे कानांपासून खाली आलेत.

कापसाच्या काडीची तपासणी झाली, एका जागी आग आहे, त्यासाठी मलम चालू आहे. म्हणजे नॉर्मल नव्हतंच सगळं.

डायलेटर नंबर एक, चार वेळा. एकदा नाही जमलं, त्या दिवशी ऑफिसात भांडण झालं होतं. नवरा विचारतो दोन नंबर कधी. मग स्वतःच जीभ चावतो.

झोळीवाली
एक नंबरवरच राहा अजून दोन आठवडे. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला तर मला फार आनंद होईल.

मिटलेलं_पान
काल त्या अवस्थेत असताना मनात सामानाची यादी करत होते. कंटाळा म्हणजे हाच ना?

झोळीवाली
हाच.

कोरा_कागद
कपाट उघडलं. संच उशीपाशी आहे. अजून खोक्यातच आहे, पण उशीपाशी आहे. उशा एकूण किती लागतात, दोन की तीन?

उशिरा_का_होईना
तीन. एक डोक्याखाली, दोन गुडघ्यांना. डोक्याखालची पातळ घे.